सुरीआधीची गोळी

नाकाचं ऑपरेशन ठरतं, तारीख मिळते, विमा कंपनीची मंजुरी येते आणि मग डॉक्टर चिठ्ठीवर एक छोटीशी गोळी लिहितात. रोज सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस. चिठ्ठी घरी पोहोचेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर नाव शोधून काढलेलं असतं आणि घरात तो शब्द उच्चारला जातो : स्टिरॉइड. मावशी म्हणते, "अगं, त्यानं हाडं पोकळ होतात." जिमला जाणारा भाचा भलतंच काही सांगतो. गोळ्या डब्यातच राहतात, आणि त्या घेतल्या नाहीत हे ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांना सांगायला सगळेच विसरतात.

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात उलटा प्रकार. सर्दीनं नाक चोंदलं, अंग दुखलं, दम लागला की 'मागच्या वेळी लागू पडलेली' पट्टी दुकानातून येते, चिठ्ठीबिठ्ठी कुणी मागत नाही. ती गोळीही बऱ्याचदा स्टिरॉइडचीच असते. एक घर शब्दाला घाबरतं, दुसऱ्याला तो शब्द माहीतच नसतो. या औषधाचं भलंबुरं किती मिलिग्रॅम आणि किती दिवस यावर ठरतं, एवढी साधी गोष्ट दोन्ही घरांना कुणी समजावून सांगितलेली नसते. नाकाच्या शस्त्रक्रियेआधी मोजून दिलेला थोडका स्टिरॉइड हा त्याचा उत्तम नमुना आहे. तो उपयोगी आहे आणि बहुतेकांना मानवतो. पण 'नाकाचं ऑपरेशन' म्हटलं की सगळ्यांना सारखाच, आणि रुग्णाला न सांगता, ही आपल्याकडची रीत मात्र बदलायला हवी.

आधी भाच्याचा गैरसमज दूर करू. जिममध्ये चोरून विकली जाणारी स्नायू फुगवणारी इंजेक्शनं पुरुषी संप्रेरकांच्या कुळातली. डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोन, मेथिलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधं कॉर्टिसोलच्या कुळातली. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज पहाटे हे कॉर्टिसोल आपल्या रक्तात सोडतात. सकाळच्या नाश्त्यानंतर गोळी घ्या असं सांगतात तेही शरीराच्या याच वेळापत्रकाला धरून, आणि रात्रीची झोप उडू नये म्हणूनही.

आता या औषधाला इतकं भलंबुरं नाव कसं मिळालं ते पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. जिला कूस बदलणं कठीण जात होतं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे तादेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती : महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे गोल होत होते, साखर चढत होती, हाडं ठिसूळ होत होती, मन सैरभैर होत होतं. मावशीचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. फक्त ते महिन्यांच्या आणि वर्षांच्या उपचाराबद्दलचं आहे, ऑपरेशनआधीच्या काही दिवसांच्या गोळ्यांबद्दलचं नाही.

मग ऑपरेशनच्या आधीच का? सूज तर नंतर येते.

सुरी लागली की तिथल्या पेशी हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात. केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, त्यातलं पाणी आणि पेशी बाहेर झिरपतात आणि नाक, डोळ्यांभोवतीची कातडी, आतलं श्लेष्मल अस्तर फुगतं. स्टिरॉइड ही साखळी तोडतो, पण ताबडतोब नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुकं वाचली जावीत हेच बदलतो, आणि या कामाला काही तास लागतात. पूर आल्यावर बंधारा बांधून उपयोग नसतो, तसंच हे. भूल देतानाच डेक्सामेथासोन शिरेतून सोडतात किंवा आदल्या दिवसांत गोळ्या सुरू करतात त्याचं कारण हेच. डेक्सामेथासोनचा शरीरावरचा परिणाम साधारण ३६ ते ५४ तास टिकतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

आता नाकाकडे. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दारात लोक तीन वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात आणि तिन्हींना घरी 'नाकाचं ऑपरेशन' असंच म्हणतात. 'नाकात मांस वाढलंय' म्हणजे पॉलिप. 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणजे बहुधा मधला पडदा वाकडा. आणि नाकाचा आकार बदलून हवाय, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी. स्टिरॉइडच्या बाबतीत या तीन गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

पॉलिपच्या रुग्णासाठी ऑपरेशनआधीच्या गोळ्या ही जवळजवळ उपचाराचीच पहिली पायरी आहे. पॉलिप म्हणजे सुजून लोंबकळू लागलेलं अस्तर, द्राक्षाच्या घोसासारखं दिसणारं. स्टिरॉइडनं ते आक्रसतं आणि त्यातला रक्ताचा ओघ कमी होतो. दुर्बिणीनं सायनस उघडण्याची शस्त्रक्रिया १९८०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या ग्राझहून मेसरक्लिंगर आणि स्टॅमबर्गर यांच्यामुळे आणि अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांच्यामुळे जगभर पोहोचली. या शस्त्रक्रियेतली खरी मेख जागेच्या टंचाईत आहे. एका बाजूला डोळ्याची खोबण, मध्ये कागदाइतकं पातळ हाड. वर मेंदूचा तळ. या बोळात रक्ताचा एक थेंब दुर्बिणीच्या काचेवर आला की सर्जनला काही दिसत नाही, आणि न दिसता पुढे सरकणं म्हणजे डोळ्याशी खेळ. कॅनडातल्या राइट आणि अग्रवाल यांचा २००७ मधला अभ्यास अवघ्या २६ पॉलिपग्रस्तांचा होता, पण नेमका होता. काहींना ऑपरेशनआधी पाच दिवस आणि नंतर नऊ दिवस रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोन, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. ज्यांना आधी स्टिरॉइड मिळाला नव्हता त्यांच्यात तीव्र सुजलेलं अस्तर जास्त आढळलं आणि सर्जनला शस्त्रक्रिया अवघड गेली. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर रक्तस्राव कमी, वेळ कमी, दृश्य स्वच्छ असंच चित्र निघालं. युरोपातल्या तज्ज्ञांची २०२० ची मार्गदर्शिकाही याच बाजूची आहे.

या फायद्याचा पहिला मानकरी सर्जन आहे, रुग्ण नंतर. पण ज्याच्या डोळ्याला लागून सुरी चालणार आहे त्यानं सर्जनला नीट दिसावं यासाठी पाच दिवस गोळी घ्यायला कां-कूं करू नये. डब्यात राहिलेल्या गोळ्यांची किंमत इथे सर्वांत जास्त.

आकाराच्या ऑपरेशनाची गोष्ट निराळी. नाकाची शस्त्रक्रिया आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याकडच्या, वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली, आणि त्यातूनच प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. कावसजीपुढचा प्रश्न नाक जगेल का हा होता. आजच्या रुग्णाचा प्रश्न असतो : सोमवारी ऑफिसला जाता येईल का? साखरपुड्याच्या फोटोत डोळे काळेनिळे दिसतील का? हा प्रश्न क्षुल्लक नाही. नाकाची हाडं मोडून जागेवर बसवली की डोळ्यांभोवती रक्त साकळतं, पापण्या मिटाव्यात इतकी सूज येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोहोचते.

याच सुजेवर स्टिरॉइडचे प्रयोग झाले. त्यातले बरेचसे तुर्कस्तानातल्या सर्जननी केले. तिथे हे ऑपरेशन फार होतं. कोक्रेन या संस्थेनं २०१४ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला आणि निष्कर्ष संयमानं मांडला. शस्त्रक्रियेच्या वेळचा एक डोस पहिल्या दोन दिवसांतली सूज आणि काळेनिळेपण कमी करतो असा मर्यादित पुरावा आहे. त्यानंतर फरक उरत नाही. मोठे डोस दिले तर परिणाम आठवडाभर दिसतो, पण त्या मोठ्या डोसांच्या सुरक्षिततेबद्दल पुरेशी माहिती अभ्यासांत नाही. मघाचे ३६ ते ५४ तास इथे आठवावेत. औषध जेवढं टिकतं तेवढाच फायदा टिकतो, यात गूढ काही नाही.

त्यामुळे ऱ्हायनोप्लास्टीत एक डोस ठीक. पण हौसेखातर करून घेतलेल्या ऑपरेशनात सूज 'लवकर' उतरावी म्हणून घरी जाताना हातावर ठेवलेली दहा दिवसांची पट्टी? तिचं समर्थन करणं कठीण आहे. नाकाचा अंतिम आकार स्थिरावायला सुमारे वर्ष लागतं. दहा दिवसांच्या गोळ्या ते वर्ष आखूड करत नाहीत. उशी उंच ठेवून झोपणं, पहिले दोन दिवस थंड पट्ट्या, ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारून अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या थांबवणं, हे बिनखर्चाचे उपाय मात्र डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी पुटपुटतं आणि नातेवाईक ऐकत नाहीत.

वाकड्या पडद्याचं ऑपरेशन सर्वांत जास्त होतं आणि स्टिरॉइडचा पुरावा तिथेच सर्वांत विरळ आहे. या रुग्णाचा खरा छळ सुजेपेक्षा नाकात कोंबलेल्या पॅकचा असतो : रात्रभर तोंडानं श्वास, कोरडा घसा, पॅक काढताना डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यावर उत्तर पॅकच न घालता पडद्याला टाके घेणं किंवा मऊ प्लॅस्टिकची पट्टी बसवणं हे आहे, आणि पुष्कळ सर्जन आता तसंच करतात. इथे गोळ्यांचा आठवडाभराचा रतीब लावायचं कारण नाही. भूलतज्ज्ञानं दिलेला एक डोस मात्र इथेही उपयोगाचा, वेगळ्याच कारणासाठी.

ते कारण मळमळ. नाकाच्या ऑपरेशनात रक्त घशातून पोटात जातं, आणि भुलीतून जागं होताना रुग्णाला भडभडून ओकारी येते. ओकारीच्या जोरानं नाकातून पुन्हा रक्त, मग पुन्हा मळमळ. डेक्सामेथासोनचा एक डोस हे चक्र थोपवतो. लहान मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनात तर अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं असा एक डोस द्यावाच अशी ठाम शिफारस केली आहे. अशा डोसानं जखम चिघळण्याची भीती अनेक डॉक्टरांनाही होती, म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतर काही देशांत मिळून ८,८०० हून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. ही ऑपरेशनं निरनिराळी होती, फक्त नाकाची नव्हेत. २०२१ मध्ये निकाल आला : ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ८.१ टक्के, न मिळालेल्यांत ९.१ टक्के. म्हणजे वाढला नाही. मळमळ-ओकारी मात्र लक्षणीय घटली. मधुमेही रुग्णही या चाचणीत होते. एका डोसाला घाबरणाऱ्यांसाठी याहून चांगलं उत्तर सापडणं अवघड.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आपला देश ऑस्ट्रेलिया नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या पाहणीत सर्वांत वरचं प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे ऑपरेशनआधीच्या तपासणीतच कळतं. अशा माणसाची साखर एका डोसानं दिवस-दोन दिवस चढते, रुग्णालयात ती मोजता आणि सांभाळता येते. पण पाच-सात दिवस घरी घेतलेल्या गोळ्यांनी चढलेली साखर कोण मोजतं? जेवणानंतरची दुपारची आणि संध्याकाळची साखर स्टिरॉइडनं सर्वांत जास्त वाढते, आणि आपल्याकडे पाहण्याची सवय आहे सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेची. रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

नाक, साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की काय होऊ शकतं हे महाराष्ट्राला कुणी सांगायची गरज नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यानं वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नव्हता. ही दुसरी ओळ आपण वाचलीच नाही. दुसऱ्या लाटेत घरोघरी, पहिल्या दिवसापासून, दुप्पट-तिप्पट डोस, तीन-तीन आठवडे चालले. मग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांतले नऊ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. बुरशीमागे कारणं अनेक होती, अनियंत्रित मधुमेह त्यांत ठळक. पण बेहिशेबी स्टिरॉइड त्याच्या जोडीला होता. ज्या दुर्बिणीनं एरवी पॉलिप काढायचे, तिनंच नाक-घसा तज्ज्ञांनी त्या उन्हाळ्यात रात्रंदिवस काळे पडलेले सायनस खरवडले. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा टाळू.

तेव्हा ऑपरेशनआधीचा स्टिरॉइड लिहिताना नाकातली ती सूज नक्की कसली हे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून पाहिलेलं असलंच पाहिजे. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर आहे, नाकातून काळी खपली पडते आहे आणि कुणी 'सूज उतरू दे' म्हणून स्टिरॉइड देतं आहे, हे प्राणावर बेतणारं आहे.

क्षयरोगाचा इतिहास विचारणं तसंच महत्त्वाचं. काचबिंदू, पोटातला अल्सर, पूर्वी स्टिरॉइडनं आलेला मानसिक झटका, हेही. आणि एक प्रश्न खास आपल्याकडचा : दम्यासाठी, सांधेदुखीसाठी 'जडीबुटीची पुडी' चालू आहे का? अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेला सापडल्याची प्रकरणं देशभर वारंवार उघड झाली आहेत. वर्षानुवर्षं ती पुडी खाणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. पुडी अचानक बंद करून तो टेबलावर आला, तर भुलीत त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. पुडीचा उल्लेख करायला लोक लाजतात. भूलतज्ज्ञापुढे ही लाज महागात पडते.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे शिकलेलेही दुर्लक्ष करतात. मिलिग्रॅमचे आकडे औषधागणिक बदलतात. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम. म्हणजे डेक्सामेथासोनची ४ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी प्रेडनिसोलोनच्या २५ मिलिग्रॅमहून भारी असते. 'चारच मिलिग्रॅमची तर आहे' म्हणून ती दिवसातून दोनदा, अंदाजानं घेणाऱ्याला आपण काय गिळतो आहोत याची कल्पना नसते. ही औषधं शेड्यूल एच मधली आहेत, चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. ती बंदी कागदावर आहे हे औषध प्रशासनापासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

उलट बाजूला, नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याला लोक विनाकारण घाबरतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे फवारे जवळजवळ सगळं काम नाकातच करतात, रक्तात नगण्य जातात. पॉलिपच्या रुग्णानं ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने तो मारणं हेच पॉलिप परत न येण्यासाठी मुख्य काम आहे. तो मध्येच सोडून देणारे रुग्ण दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच टेबलावर येतात आणि 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणतात.

डॉक्टरांकडे वेळ नसतो हे खरं आहे. बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत असते. पण संमतिपत्रावर सही घ्यायला वेळ मिळतो तर त्यावर स्टिरॉइडची एक ओळ छापायला हरकत काय? औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, आणि साखर कधी तपासायची. मराठीत. सर्जननं गोळ्या लिहिल्या आणि भूलतज्ज्ञानं इंजेक्शन दिलं आणि एकाचं दुसऱ्याला कळलंच नाही, हा घोळही त्या एका ओळीनं मिटेल. रुग्णालयांच्या संघटना आणि नाक-घसा तज्ज्ञांच्या राज्य शाखा हे उद्या सुरू करू शकतात. सरकारी परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.

तोवर वाचकांनी स्वतःच विचारावं. आपलं ऑपरेशन पॉलिपचं, पडद्याचं की आकाराचं? हा स्टिरॉइड कशासाठी, किती आणि केव्हा थांबवायचा? मधुमेह, जुना क्षय, दम्याची पुडी यांतलं जे असेल ते आपणहून सांगावं. डॉक्टरांनी कारण सांगून दिलेल्या गोळ्या शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं डब्यात ठेवू नयेत. आणि ऑपरेशननंतर पट्टीत दोन गोळ्या उरल्या, तर पुढच्या सर्दीसाठी जपून न ठेवता त्या टाकून द्याव्यात.